उलट्या काळजाची पट्टी

ही गोष्ट २०२३ सालची. शहराच्या पाट्यांवर छत्रपती संभाजीनगर हे नाव चढलं होतं आणि जुनी माणसं पत्ता सांगताना अजून अडखळत होती. त्या साली पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत शहागंजच्या दुकानांत, वाळूजच्या कंपन्यांत, वेरूळच्या देवळाबाहेर हार विकणाऱ्या बायकांत एकच नाव घेतलं जात होतं. पट्टीबाबा.

दौलताबादच्या अलीकडं, रस्त्याला लागून एक मंगल कार्यालय होतं. लग्नं नव्या लॉनवर जायला लागल्यापासून ते ओस पडलेलं. त्या वर्षी मात्र दर गुरुवारी तिथं पाय ठेवायला जागा नसे. रिक्षा, जीप, खुलताबादकडून येणाऱ्या काळीपिवळ्या टॅक्स्या, सगळं तिथं रिकामं व्हायचं. दारात चपलांचा एवढा ढीग की नव्या चपला घालून आलेली बाई जुन्या घालून घरी जायची आणि तीही महाराजांचीच इच्छा म्हणून सोसायची.

बाबाचं कागदोपत्री नाव मोतीराम. गादीवर बसल्यावर तो स्पंदन महाराज व्हायचा. पट्टीबाबा हे लोकांनी पाडलेलं नाव, कारण हा माणूस लिंबू कापत नव्हता की कोंबडं मागत नव्हता. तो कार्डिओग्राम काढायचा. दवाखान्यात हृदयाची पट्टी काढतात तेच यंत्र, तोच बारीक चौकड्यांचा गुलाबी कागद. फक्त इथं यंत्राला झेंडूचा हार होता, पुढं उदबत्ती होती आणि यंत्राची तार भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडलेली होती. माणसाच्या काळजाची रेघ अख्ख्या मांडवाला दिसायची. टुक, टुक, टुक.

"माझ्याकडं अंधश्रद्धेला थारा नाही," महाराज माइकवर सांगायचे. "इथं सगळं प्रिंट निघतं. पूर्वीचे ऋषी नाडीवर बोट ठेवून तीन जन्मांचं सांगायचे. आम्ही काय केलं? त्या नाडीला वायर जोडली. क्वांटम म्हणतात याला. परदेशात आत्ता शोध लागतोय, आपल्याकडं पोथीतच होता."

कुठल्या पोथीत, हे विचारायला कुणी उठत नसे.

अशाच एका गुरुवारी राहत बेगम पहिल्यांदाच आल्या होत्या आणि बायकांच्या बाजूला भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. शहागंजच्या मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. त्या काळी शाळेत एक बॅटरी आणि एक बल्ब होता. मुली ओळीनं येऊन तो पेटलेला बघायच्या, आणि राहत मॅडम प्रत्येकीला तार काढून परत लावायला लावायच्या. "मी सांगते म्हणून मानू नको, तू लावून बघ," एवढं एक वाक्य त्यांच्या विद्यार्थिनी अजून विसरलेल्या नाहीत.

शेजारी द्वारकाबाई होत्या. दोघी एकाच वर्षी सुना म्हणून शहागंजच्या मागच्या गल्लीत आल्या, एकाच नळावर भांडल्या आणि मग जन्माच्या मैत्रिणी झाल्या. आता द्वारकाबाई मुलाकडं, सत्यमकडं सिडकोत राहत. दौलताबादेत त्यांची सीताफळांची बाग होती.

समोर महाराजांनी आधी स्वतःला चिमटे लावून घेतले. दोन हातांना दोन, दोन पायांना दोन. लाल, पिवळा, हिरवा, काळा. टीव्हीवर रेघ उभी राहिली. सुळके वर, ताठ. मग त्यांनी गंगापूरकडची एक सून पुढं बोलावली. चिमटे लावायचं काम कडुबाकडं. कडुबा पन्नाशीचा, पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. सुनेनं हात पुढं केला, कडुबानं नमस्कार करून चिमटा लावला, बटण दाबलं, आणि टीव्हीवरचे सगळे सुळके खाली लोंबले. विहिरीत पोहरे सोडावेत तसे.

मांडवातून हळहळ उठली.

"माई," महाराज मऊ आवाजात म्हणाले, "काळीज उलटं आहे तुमचं. घरात शांती नाही, बरोबर? जेवण जात नाही. सासूशी पटत नाही."

सून रडायलाच लागली. सासूशी पटणारी सून त्या मांडवात शोधूनही सापडली नसती, हा भाग वेगळा.

मग अंगारा झाला, मंत्र झाला, महाराजांनी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. "आता प्रसादाची पट्टी," असं म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं चिमटे लावले. रेघ आली ती ताठ वर. जयजयकारानं पत्रे हलले.

"बघितलं?" द्वारकाबाई राहतच्या कानात म्हणाल्या. "माझं बी अस्संच झालं. उलटं होतं, सुलटं केलं. डोळ्यांनी बघितलं मी."

"आणि गोळ्या?"

"बंद केल्या. महाराज म्हनले, सुलट्या काळजाला गोळी लागली तर ते परत उलटतं."

द्वारकाबाईंना उन्हाळ्यापासून जिना चढताना छातीवर दाब यायचा, डावा हात भरून यायचा. दवाखान्यात त्यांना सरकत्या पट्ट्यावर चालवून तपासणी केली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि अँजिओग्राफीची तारीख दिली. ती तारीख येऊन गेली, द्वारकाबाई गेल्याच नाहीत. म्हणून तर राहत आज इथवर आल्या होत्या.

"सत्यम काय म्हणतो?"

"त्यानंच तर आनलं मला."

सत्यम वाळूजच्या एका कंपनीत इंजिनियर. तो बाहेर गाडीपाशी उभा होता. राहतनं त्याला गाठलं.

"बेटा, तू शिकलेला. तुला हे पटतं?"

"मावशी, बुवाबाजी असती तर मी दारात उभा केला नसता त्याला," सत्यम म्हणाला. "हा मशीनवर दाखवतो. आधीचं रीडिंग, नंतरचं रीडिंग. कंपनीत आम्हीपण हेच करतो. मशीन खोटं कशाला बोलेल?"

राहतला स्वतःलाच ते कोडं पडलं होतं. सुळके खाली गेलेले त्यांनीही बघितले होते आणि वर आलेलेही. सत्यमकडून त्यांनी द्वारकाबाईंच्या दोन्ही पट्ट्या मागून घेतल्या. महाराजांनी त्या पिवळ्या पुठ्ठ्यावर चिकटवून दिलेल्या, वर ओमचं चित्र, खाली महाराजांचा फोटो.

राहतची भाची आफरीन डॉक्टर होती, हृदयाच्या विभागात शिकत होती. रविवारी जेवणं झाल्यावर खालानं, म्हणजे मावशीनं, दस्तरखानाच्या चादरीवरच पुठ्ठे पसरले.

"मेरेकू ये पढना सिखा," राहत म्हणाल्या. "काय चूक ते नको सांगू. वाचायचं कसं ते सांग."

आफरीन हसली. "खाला, याला आम्हाला वर्ष लागतं."

"मला वर्ष नाही. द्वारकाकडं तेवढाही वेळ नाही. हौ, शुरू कर."

आफरीननं पेन घेतलं. "हे बघा, कागद ठरलेल्या वेगानं सरकतो. पाच मोठ्या चौकड्या सरकल्या की एक सेकंद. म्हणजे दोन सुळक्यांत किती चौकड्या ते मोजलं की ठोके किती ते कळतं. आता एका ठोक्यात काय काय आहे? आधी ही छोटी टेकडी. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत वीज पसरली. मग हा उंच सुळका. खालचे मोठे कप्पे पेटले, रक्त ढकललं. मग ही गोल टेकडी. कप्पे पुन्हा तयारीला लागले. टेकडी, सुळका, टेकडी. एवढंच चालू असतं जन्मभर."

"आणि वर-खाली? वर म्हणजे चांगलं, खाली म्हणजे वाईट?"

"तिथंच तर तो बाबा लोकांना फसवतोय. खाला, शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी मिरवणूक येते ना? तुम्ही पुढं उभ्या राहिलात तर मिरवणूक तुमच्याकडं येताना दिसते. मागं उभ्या राहिलात तर लोकांच्या पाठी दिसतात. मिरवणूक तीच. इथं वीज एखाद्या तारेकडं येत असली की रेघ वर, तिच्यापासून लांब जात असली की खाली. म्हणून आम्ही एकाच हृदयाकडं बारा ठिकाणी उभं राहून बघतो. काही ठिकाणांहून ते खालीच दिसायला पाहिजे. ही ओळ बघा, उजव्या खांद्यावरून बघितलेली. ही निरोगी माणसाची कायम खालीच असते. आणि ही पहिली, डाव्या हाताकडून बघितलेली, ती वरच."

राहतनं चष्मा पुसला आणि द्वारकाबाईंची पहिली पट्टी जवळ ओढली. एकेका ओळीवर बोट ठेवत गेल्या. मग म्हणाल्या, "पण इथं उजव्या खांद्याची ओळ वर आहे. आणि पहिली ओळ, जी वर पाहिजे, ती खाली. छोटी टेकडीसुद्धा खाली. त्या ओळीत सगळंच्या सगळं उलटं. म्हणजे मिरवणूक नाही फिरली. बघणारा फिरला."

आफरीन खालाकडं बघतच राहिली. "पहिल्या वर्षाची मुलं घाईत ही चूक करतात. उजव्या हाताची लाल तार डाव्या हाताला आणि डाव्याची पिवळी उजव्याला. पट्टी अशीच येते."

"एखाद्याचं हृदय खरंच उजवीकडं असलं तर?"

"असतं ना. क्वचित, जन्मापासूनच. पण मग छातीवरच्या सहा तारांमध्येही ते दिसतं." आफरीननं पुठ्ठ्यावर बोट फिरवलं. "छातीच्या ओळी कुठं आहेत? यानं तर कागद अर्धा कापलाय."

राहतला मांडवातलं आठवलं. छातीवर लावायचे रबरी फुगे महाराजांनी पेटीत बंद ठेवले होते. मायमाउलींच्या छातीला मी हात लावणार नाही, असं ते माइकवरून सांगायचे आणि बायका त्यावर हात जोडायच्या.

"आणि ही नंतरची पट्टी?" राहतनं विचारलं. "ही तर बरोबर आहे. मग द्वारकाचं हृदय चांगलं आहे?"

आफरीनचा चेहरा उतरला. "ते या पट्टीवरून नाही कळत. रक्ताची नळी अर्धी तुंबलेली असली तरी बसल्या जागी पट्टी साफ येऊ शकते. म्हणून तर त्यांना चालवून बघितलं होतं. खाला, त्यांनी गोळ्या सोडल्यात हे चांगलं नाही. एखाद्या दिवशी..."

राहत दुसऱ्याच दिवशी सिडकोत गेल्या. सगळं नीट समजावून सांगितलं, मिरवणुकीसकट. द्वारकाबाईंनी सीताफळ फोडून पुढं ठेवलं आणि शांतपणे ऐकून घेतलं.

"राहत, तू लई शिकलेली हायस," त्या म्हणाल्या. "पन मी तिथं बसले व्हते. त्यानं चोरून काय बी केलं नाय. सगळ्यांसमोर चिमटे लावले. अदलाबदल केली असती तर मला दिसली नसती व्हय?"

"कडुबानं कुठल्या हाताला कुठला लावला, आठवतं का?"

"मला काय ठाव. मी हात पुढं केला, त्यानं लावला."

"कुठला हात पुढं केलास?"

"हात म्हंजे हात."

सत्यम म्हणाला, "मावशी, दसरा होऊ द्या. मग बघू डॉक्टरकडं." द्वारकाबाई पाणी आणायला उठल्या आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. सत्यमनं ते बघितलं नाही. राहतनं बघितलं.

पुढच्या गुरुवारी राहत एकट्याच रिक्षा करून गेल्या आणि पार पुढं बसल्या. त्या दिवशी त्यांनी टीव्हीकडं बघितलंच नाही. फक्त हातांकडं बघितलं. आणि सगळं प्रकरण असं उघडं होतं की त्यांना आधी हसू आलं.

पुरुष आला की तो उजवा हात पुढं करायचा. बाई आली की डावा. कुणी सांगावं लागत नव्हतं. हात बघणाऱ्यापुढं, वैद्यापुढं बाईनं डावा हात करायचा, ही आपल्याकडची पिढ्यान् पिढ्यांची सवय. कडुबा जो हात पुढं येईल त्याला नमस्कार करून लाल चिमटा लावायचा, पिवळा दुसऱ्याला. म्हणजे पुरुषांची पट्टी बरोबर आणि बायकांची उलटी. प्रसाद मात्र बाई असो की पुरुष, उजव्या हातानंच घ्यायचा असतो. म्हणून प्रसादाच्या पट्टीला लाल चिमटा उजवीकडं, आणि काळीज सुलटं. हातचलाखी कशाची? बायकांनी आपल्याच सवयीनं स्वतःला फसवून घेतलं होतं. मोतीरामनं फक्त त्यावर मांडव घातला.

पुरुषाचं काळीज कधीच उलटं निघत नसे. त्यांना महाराज सांगायचे, "तुमचं चांगलं आहे. दोष घरातल्या बाईत आहे. तिला घेऊन या." आणि पुरुष समाधानानं माना डोलवत घरच्या बाईला आणायला जायचे. हे त्यांना अगदी सहज पटायचं.

दुपारी महाराज विश्रांतीला गेले तेव्हा कडुबा मागच्या टपरीवर चहा घेत होता. राहत जाऊन बाकावर बसल्या.

"कडुबाभाऊ, लाल चिमटा बायकांच्या डाव्या हाताला, हे कुणी शिकवलं?"

"महाराजांनी. लाल म्हंजे मानाचा. मानाचा चिमटा मानाच्या हाताला. बाईचा डावा, बुवाचा उजवा. एक डाव चुकलो तर लई बोलले मला."

कडुबाच्या तोंडावर लबाडीचा लवलेश नव्हता. हा माणूस स्वतःच भक्त आहे, हे राहतच्या लक्षात आलं.

"अष्टमीला मोठा कार्यक्रम आहे म्हणे."

"व्हय. महाराजांच्या अंगात देवी येती. हिरवा शालू नेसत्यात, बांगड्या भरत्यात. मग त्यांची पट्टी काढायची. खुद्द देवीच्या काळजाची."

राहतनं चहाचा घोट घेतला. "म्हणजे त्या वेळी ते महाराज नसतात."

"छ्या. देवीच की. आम्ही पाया पडताना आईच म्हनतो."

"मग हात कुठला धरणार?"

कडुबाचा कप अर्ध्यावर थांबला. त्यानं रस्त्याकडं बघितलं, परत कपात बघितलं. "च्यायला," तो हळूच म्हणाला, "पंचाईतच झाली की."

राहतनं त्याला ना सल्ला दिला ना कागद दाखवला.

अष्टमीला मांडव रस्त्यापर्यंत वाढवला होता. कर्णपुऱ्याच्या देवीची जत्रा करून लोक तसेच इकडं आलेले. द्वारकाबाई पहिल्या ओळीत, शेजारी सत्यम. राहत आणि आफरीन त्यांच्या मागं बसल्या. कार्यालयाच्या तीन पायऱ्या चढताना द्वारकाबाईंना दोनदा थांबावं लागलं होतं, त्यांच्या ओठांवर घाम होता आणि आफरीनची नजर त्यांच्यावरून हलत नव्हती.

संबळ वाजू लागला. महाराज घुमत आले. हिरवा शालू, कोपरापर्यंत बांगड्या, कपाळभर मळवट, मिशी मात्र तशीच. बायका ओटी भरायला धावल्या.

"आई आली," निवेदक ओरडला. "आता बघा देवीचं काळीज."

महाराज डोळे मिटून, मान फिरवत गादीवर बसले. कडुबा पुढं आला. त्यानं गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि म्हणाला, "आई, हात द्या." देवीनं बांगड्यांचा हात पुढं टाकला, उजवा. कडुबानं तो दोन्ही हातांनी हळूच बाजूला सारला, भक्तिभावानं डावा घेतला आणि त्याला लाल चिमटा लावला. मग पिवळा, हिरवा, काळा. बटण दाबलं.

टीव्हीवरचे सुळके धाडकन खाली लोंबले.

संबळ थांबला. यंत्राची टुकटुक ऐकू येऊ लागली. मग बायकांतून एक म्हातारी स्पष्ट म्हणाली, "आगं माय, देवीचं बी उलटंच हाय."

महाराजांनी डोळे उघडले, टीव्ही बघितला, स्वतःचा हात बघितला आणि कडुबाकडं असं बघितलं की देवी तिथल्या तिथं अंगातून निघून गेली असावी. "हे देवीचं तेज आहे," ते गडबडीनं म्हणाले. "दैवी ऊर्जा उलट दिशेनं वाहते. क्वांटम."

राहत उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे ते तेज असतं का? मग इतके दिवस आमच्या बायकांना दोष म्हणून काय सांगितलं? सगळ्यांना तेजच म्हणायचं होतं."

मागून कुणी तरी फिसकन हसलं.

"कोण आहे ही बाई? हिला बाहेर काढा. सेवेकरी कुठंयत?"

"काढा की. आधी कडुबाभाऊंना एक विचारते. भाऊ, आता लाल चिमटा उजव्या हाताला लावा. मंत्र नको, अंगारा नको."

कडुबानं महाराजांकडं बघितलं. महाराज चिमटे ओढून काढायला लागले होते, पण बांगड्यांत चिमटा अडकला होता. कडुबानंच तो सोडवला आणि सवयीनं, काही विचार न करता, उजव्या हाताला लावला, पिवळा डाव्या हाताला. सुळके वर आले. त्यानं परत बदलले. खाली गेले. तिसऱ्यांदा त्यानं ते स्वतःच्या मनानं केलं. त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

"म्हंजे मी..." तो पुटपुटला. "इतक्या बायांना मीच उलटं केलं व्हय?"

राहत त्याला काही बोलणार तेवढ्यात पुढच्या ओळीतून द्वारकाबाई उठल्या. सत्यमनं धरलं तर त्याचा हात झटकला. जाऊन गादीच्या कडेला बसल्या, महाराजांच्या शेजारी, आणि शालूचा पदर बाजूला सारून म्हणाल्या, "सरका की जरा, आई."

त्यावर सगळा मांडव हसला. महाराज सरकले.

"कडुबा, मला लाव. आधी सवयीवानी, मग उजवीकडं." त्यांनी डावा हात पुढं केला. तो आपोआपच डावा आला हे त्यांना कळलं, आणि त्या क्षणभर त्या हाताकडं बघत राहिल्या. रेघ खाली आली. मग उजवा हात दिला. रेघ वर. ना मंत्र, ना फेऱ्या.

"मी सुलटीच व्हते," द्वारकाबाई म्हणाल्या. "गोळ्या सोडल्या नसत्या तर बरं झालं असतं." त्यांनी छातीवर हात दाबला. "आफरीन, बेटा, मला दुखायलंय. मगापासून. हिथं."

आफरीन तोवर गादीवर पोचली होती. महाराज "चमत्कार, चमत्कार" असं काही तरी बोलत होते, त्यांच्याकडं तिनं बघितलंही नाही. पेटीतले बंद ठेवलेले रबरी फुगे तिनं स्वतः काढले, बायकांना पडद्यासारखं उभं राहायला सांगितलं आणि छातीवर लावले. मग यंत्रातून निघालेला कागद डोळ्यांसमोर धरला. टेकडी आणि सुळका ठीक होते. सुळक्यानंतरची रेघ मात्र खाली दबलेली होती, एकदोन ठिकाणी नाही, ओळीनं चार ठिकाणी. हृदयाला रक्त कमी पडत होतं.

"सत्यमभैया, गाडी काढा," ती म्हणाली. "मी सोबत येते. काकू, ही अ‍ॅस्पिरिनची गोळी चघळा."

सत्यम पळाला. चपला शोधायला थांबला नाही.

गाडी गेल्यावर राहतला कुणी तरी माइक दिला. त्या शाळेत बोलायच्या तशाच बोलल्या. "बायांनो, देवीशी माझं काही भांडण नाही. यंत्राशीही नाही. यंत्र खरंच बोलत होतं, आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो. कुणी टीव्हीवर काही दाखवलं, तर एवढंच म्हणा, मलाही हात लावून बघू द्या. परत करून दाखवा. दुसऱ्यावर करून दाखवा. जो खरा असेल तो दाखवेल. जो चिडेल, त्याच्यापासून उठून घरी जा. आणि औषध बंद करायला सांगणारा माणूस कुठल्याही कपड्यांत आला तरी तो तुमचा शत्रू आहे."

बायका उठल्या. चपलांच्या ढिगापाशी त्या दिवशी बराच गोंधळ झाला, पण ज्याची त्याला चप्पल मिळाली.

मोतीरामवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंद झाला. तो पूर्वी दवाखान्यांची यंत्रं पोचवणारी गाडी चालवायचा आणि जुनं यंत्र त्यानं तिथूनच मिळवलं होतं, हे तपासात निघालं. खटला अजून चालू आहे. जामिनावर सुटल्यावर तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला. तिकडं तो मणक्यातून ऊर्जा काढतो असं ऐकू येतं. कुणी ओळखीचं तिकडं असेल तर सावध करावं.

कडुबा परत बँडमध्ये गेला. पोलिसांना त्यानं सगळं खरं सांगितलं. पुढचे काही महिने तो मांडवात नाव लिहून घेतलेल्या जुन्या चिठ्ठ्यांवरचे पत्ते शोधत गावोगाव गेला आणि बायकांना सांगत फिरला की बाई, तुझं काळीज सुलटं हाय, चूक माझी व्हती. दोन ठिकाणी त्याला शिव्या मिळाल्या, बाकी ठिकाणी चहा.

आफरीनचं शिक्षण संपलं. आता ती कन्नडकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात असते आणि नव्या परिचारिकांना पट्टी शिकवताना मिरवणुकीचं उदाहरण देते.

सत्यम आईला दर तीन महिन्यांनी तपासायला स्वतः नेतो. कंपनीत कुणी यंत्राचं रीडिंग दाखवलं की आधी विचारतो, सेन्सर कुणी लावला होता.

राहत मॅडमचे गुडघे गेले, त्या आता फारशा बाहेर पडत नाहीत. शाळेतल्या मुली घरी येतात. त्यांना त्या सायकलचा दिवा आणि तार देतात, आणि लावून बघायला सांगतात.

द्वारकाबाईंच्या हृदयाच्या एका नळीत त्याच रात्री स्टेंट बसवला. आणखी थोडा उशीर झाला असता तर डॉक्टरांच्या हातात काही राहिलं नसतं. त्या आता बागेचा चढ चढतात, हळूहळू, पण थांबावं लागत नाही. दर नवरात्रात कर्णपुऱ्याला जातात, ओटी भरतात. तिथल्या रांगेत बायका अजून त्यांना विचारतात, काळीज उलटं असलं तर काय करावं.

"काळीज उलटं-सुलटं काय नसतंय," त्या पदर खोचत सांगतात. "छाती दाबली, घाम फुटला, हात भरून आला, तर आधी दवाखाना गाठायचा. देवी कुठं जात नाय. ती थांबती."